बिनखिशाचा सूट

झुलाल सपकाळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा संशय आला होता, हे आधीच सांगून टाकते.

तहसील कचेरीत आपत्तीच्या टेबलावर माझी नुकतीच बदली झाली होती. तापीत कुणी बुडालं, विहिरीत कुणी पडलं, की पोलीस पाटलाचा फोन यायचा आणि मी झुलालभाऊंना निरोप द्यायचा. ते तापीकाठच्या सावखेडीचे. वय पन्नासच्या पुढे, अंगाने काटक, छाती मात्र रुंद. टाकी नाही, नळी नाही; दम धरून बुडी मारायची आणि हाताने चाचपत शोधायचं, हे त्यांचं काम. वडिलांकडून शिकलेलं. मांडीएवढा दगड पोटाशी धरून ते उतरत आणि तळाशी गेल्यावर तो सोडून देत.

त्या पहिल्या दिवशी ते नदीतून वर आले आणि काठावर उभे राहून त्यांनी दोन्ही हात वर केले. तळवे उघडे. मग सावकाश एक गिरकी घेतली. अंगावर आखूड चड्डी, बाकी काही नाही. मला वाटलं, या माणसाला तमाशा करायची हौस दिसते. शेजारी हवालदार पितांबर वाघ उभे होते, त्यांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "हौस नाही मॅडम. मेलेल्याच्या अंगावर सोनं असतं. वर येईपर्यंत ते गायब झालं तर लोक कुणाला धरणार?"

म्हणजे हा माणूस दर वेळी, कुणी विचारायच्या आत, स्वतःची झडती देत होता. ते समजल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, एवढी काळजी घेणारा माणूस कधीतरी सापडलेला असणार. कचेरीत वीस वर्षं काढली की मन असंच चालायला लागतं.

पुढच्या पावसाळ्याआधी एका कंपनीने आमच्या टेबलाला पाण्यात घालायचा एक सूट देणगी दिला. काळा, जाड रबराचा, आतून-बाहेरून कापड लावलेला. पाठीवर लांब चेन, गुडघ्यांवर जाड ठिगळं आणि उजव्या मांडीवर झाकणाचा खिसा. फोटो काढून झाले. सूट कुणाला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. मी झुलालभाऊंना बोलावलं.

त्यांनी सूट हातात घेतला नाही. टेबलावर होता तिथेच बोटाने दाबून पाहिला.

"ताई, हाऊ कपडा माले काबर देतस?"

"थंडी वाजू नये म्हणून. खरचटू नये म्हणून."

"आनि खिसा कसाले?"

मी खिशाचं झाकण उघडून पाहिलं. "सामान ठेवायला असेल," मी म्हटलं.

"पानीमा मना काय सामान?" ते म्हणाले. पण सरकारी वस्तू नाकारायची कशी, म्हणून त्यांनी सही केली आणि सूट नेला.

नवरात्रात प्रकाश पाटील गेला. सावखेडीपासून चार कोसांवर त्याचं शेत. विहिरीतली मोटार बिघडली म्हणून तो आणि त्याचा मोठा भाऊ भाईदास ती दोराने वर ओढत होते. दोर निसटला. मोटार पाइपासकट खाली गेली आणि कठड्यावरून वाकलेला प्रकाश तिच्यामागे गेला. पाऊस चांगला झाला होता, विहिरीत चाळीस फूट पाणी. पंप लावून पाहिले, पण शेजारूनच कालवा जातो, पाणी हटेना.

झुलालभाऊ सूट घालून आले. चेन पत्नीने, सुंदरबाईंनी ओढून दिली. ती कशीबशी मानेपर्यंत आली. पाण्यात उतरल्यावर निराळाच प्रकार. सूट त्यांना खाली जाऊ देईना. दगड घेऊन उतरले तरी हात जरा ढिला पडला की बुचासारखे वर. मग कमरेला आणखी दगड बांधले. दर बुडीला ते लवकर वर येत होते. एरवी त्यांचा दम मोजताना आम्हालाच गुदमरायला व्हायचं. त्या दिवशी काठाला धरून ते धापा टाकत होते आणि छातीवरचं रबर बोटांनी ओढून धरत होते.

अकराव्या बुडीला प्रकाश वर आला.

रडारड झाली. प्रेत बाजेवर घेतलं. मग भाईदासचा आवाज आला, "गोफ कोठे शे?"

प्रकाशच्या गळ्यात लग्नातला सोन्याचा गोफ होता. तो नव्हता. मानेवर मात्र एक लाल ओरखडा होता, कानाखालून गळ्यापर्यंत. सगळ्यांनी तो पाहिला आणि मग सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले: झुलालभाऊंच्या मांडीवरच्या खिशाकडे.

त्यांनी हात वर केले, तळवे दाखवले, गिरकी घेतली. पण आता त्या गिरकीला काही अर्थ नव्हता. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकलेलं.

"खिसा उघडा," पितांबर हवालदार म्हणाले. खिशातून चिखलाचं पाणी आणि एक शिंपला निघाला. "चेन उघडा." विहिरीच्या काठावर, शंभर माणसांसमोर, त्यांनी सूट उतरवला. पितांबरनी तो झटकला, बाह्यांत हात घालून पाहिला. काही नाही. मग कुणीतरी म्हणालं, चेन लावून दिली बाईने, उघडलीही बाईनेच, तिची पिशवी बघा. सुंदरबाईंनी पिशवी स्वतःच उलटी केली. टॉवेल, चहाचा थर्मास, बिस्किटांचा पुडा.

मी तिथेच होते. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण खरं सांगते, पिशवी उलटी होताना मीसुद्धा जमिनीकडे पाहत होते, काही चमकतंय का.

पोलिसांत तक्रार झाली. पुरावा नाही म्हणून पुढे काही झालं नाही. पण संशयाला पुराव्याची गरज नसते. चौथ्या दिवशी झुलालभाऊ कचेरीत आले आणि खताच्या गोणीत भरलेला सूट त्यांनी माझ्या टेबलाशी ठेवला.

"मी उघडा उतरस, उघडा वर येस. मना आंगवर काय शे ते बठ्ठासले दिसस. या कपडानी मनी अब्रू लिधी."

त्यानंतर त्यांना कमी बोलावणी येऊ लागली. दोन ठिकाणी लोकांनी बाहेरून माणसं आणली. सुंदरबाई बाजारात गेल्या की बायका त्यांच्या गळ्याकडे बघत, हे मला नंतर कळलं.

जानेवारीत एका धरणात मासेमारीची होडी उलटली. एक जण सापडत नव्हता. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून त्यांना बोलावलं. पहाटेचा वारा अंगाला चावत होता. ते उघड्या अंगाने उतरले आणि तीन तास उतरत राहिले. शेवटी वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि दोर धरायला सांगितला तर बोटं मिटेनात. आम्ही काखेत हात घालून ओढलं. शेकोटीजवळही त्यांचे दात वाजत होते. दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास झाला असता तर हे हाती लागले नसते.

त्या रात्री मी विक्रमला फोन केला. विक्रम माझ्या बहिणीचा मुलगा. वाढला वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आणि आता मालवणला पर्यटकांना समुद्रात बुड्या शिकवतो. संक्रांतीला तो घरी आलाच होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन त्याने गोणी उघडली, सूट बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, हा टाकीवाल्याचा सूट आहे. स्कूबाचा. हा त्यांना कुणी दिला?"

"मी."

त्याने कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. पाठीवर टाकी बांधून उतरणारा माणूस तासभर खाली असतो, सावकाश हलतो, खडकांना घासतो. त्याला टणक, टिकाऊ रबर लागतं. पटकन घालता-काढता यावं म्हणून चेन लागते. सामानाला खिसा लागतो. श्वास त्याला टाकीतून मिळत राहतो, छाती थोडी आवळली तरी चालतं. पण दमावर उतरणाऱ्याची सगळी पुंजी वर घेतलेला एक श्वास. ताठ रबराने छाती फुलू दिली नाही तर तो अर्ध्या श्वासावर उतरतो.

"आणि तरंगायचं?"

"रबरात हवेचे बुडबुडे असतात, ते वर ढकलणारच. त्याला शिसं बांधतात, मोजून. दगड नाही."

तीन आठवड्यांनी विक्रम पुन्हा आला. मधे त्याने फोनवरून मला झुलालभाऊंची मापं घ्यायला लावली होती. छातीचं माप दोनदा, एक श्वास सोडून आणि एक पूर्ण भरून. त्याने आणि त्याच्या तिथल्या मित्रांनी मिळून सूट शिवून मागवला होता. आम्ही सावखेडीला गेलो. झुलालभाऊंच्या अंगणात, बाजेवर, दोन्ही सूट शेजारी शेजारी पसरले: परत आलेला जुना आणि हा नवा.

नवा दोन तुकड्यांत होता. खाली छातीपर्यंत येणारी विजार आणि वर टोपी जोडलेला सदरा. बाहेरून कापड, पण आतून नुसतं उघडं रबर, बोट लावलं की चिकटणारं.

झुलालभाऊ बैल बघावा तसे भोवती फिरले. "हाऊ अर्धाच शिवेल शे," ते म्हणाले. "आतलं कापड लावाले इसरनात. खराब माल दिसस."

"नाही काका, मुद्दाम तसाच असतो," विक्रम म्हणाला. "रबर थेट कातडीला बसतं, मधे पाणी फिरत नाही. म्हणून ऊब राहते. चेनवाल्यात चेनमधून गार पाणी आत येतं."

"फुकट काबर देस तू?"

"आम्ही पण पाण्यातलेच."

हे उत्तर त्यांना पटलं नाही. ते माझ्याकडे वळले. "ताई, याना फोटो काढतीन का?" मी म्हटलं, नाही, कुणी फोटो काढणार नाही. मग त्यांनी सदरा उचलला, पुढून मागून बघितला, बाह्या उलट्या केल्या, काखेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"चेन नई?"

"नाही."

"खिसा?"

"एकही नाही."

"मंग आंगमा जास कसा?"

"साबणाच्या पाण्याने. आत ओतायचं आणि सरकवायचं. नखं मात्र कापून, नाहीतर फाटतो. आणि आत सुताचा धागा गेला तरी टोचेल, इतका घट्ट बसतो."

झुलालभाऊ थांबले. त्यांनी विक्रमला शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग सुंदरबाईंना म्हणाले, "बादलीमा साबन कालव."

विक्रमने तो सूट श्वासासाठी आणला होता. झुलालभाऊंनी तो कशासाठी घेतला हे मला तेव्हा समजलं नाही.

दोन दिवस तापीच्या डोहात सराव झाला. विक्रमने कमरेला रबरी पट्टा दिला, त्यात शिशाचे तुकडे. तो पुन्हा पुन्हा सांगत होता: कमी बांधा. खाली गेल्यावर रबर दबतं, मग ते वर ढकलत नाही. वर जड वाटलं नाही तरी खाली जड होतं. श्वास सोडूनही वर तरंगता आलं पाहिजे. बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, चक्कर आलेली कळत नाही. जितका वेळ खाली, त्याच्या दुप्पट वर थांबायचं. आणि काठावर माणूस नसेल तर उतरायचंच नाही. झुलालभाऊ ऐकत होते. शंका घेत, उलटं विचारत, पण ऐकत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर आले आणि इतकंच म्हणाले, "आंगले कपडा शे असं वाटतच नई."

घरी जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, प्रकाशनी विहिरमा परत उतरनं शे माले."

मी विचारलं, कशासाठी. कुणी ऐकत नाही ना, ते त्यांनी वळून पाहिलं. मग सांगितलं ते असं. त्या दिवशी खाली मिट्ट काळोख होता. त्यांचा दम पुरत नव्हता. हाताला प्रकाशची बंडी लागली, त्यांनी ती धरून ओढली. "मी वढं तवय कायतरी अडकेल व्हतं. मंग सुटनं." एरवी त्यांनी हाताने चाचपून पाहिलं असतं, काय अडकलंय ते सोडवलं असतं. त्या दिवशी छातीत हवाच नव्हती. हिसका दिला आणि वर आले.

"हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्या दिनले कोन ऐकतं? 'मी वढं' म्हनतू तं 'तूच तोडं' म्हनतात."

मी मान हलवली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. हे त्यांनी चार महिने लपवलं होतं. आणखी काय लपवलं असेल? आता नेमकं परत का उतरायचंय? सकाळी उठून मी पितांबर हवालदारांना फोन केला. त्यांनी माझ्या मनातलंच बोलून दाखवलं: "मॅडम, घेतलेलं परत ठेवायला तर नाही ना जात?"

भाईदासने तेच, पण तोंडावर विचारलं. आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो आणि ओढताना काहीतरी अडकून सुटलं, एवढंच झुलालभाऊंनी सांगितलं होतं. "चार महिनामा आते याद इनी? ठेवाले जास का काय?"

झुलालभाऊ रागावले नाहीत. "म्हनीसनच सांगाले उनू. तू ये, हवालदार येतीन, बठ्ठा गाव येवो. मी तुमना समोर कपडा घालसू."

ती मोटार अजून तळाशीच होती. माणूस घेतलेल्या मोटारीला हात लावायचा नाही, असं घरच्यांनी ठरवलं होतं. पाणी आता शेतातल्या बोअरवरून येत होतं. भाईदास नाही म्हणणार होता. आतून प्रकाशची बायको उषा दारात आली. "उतरू द्या त्यांना," ती म्हणाली. ती चोपड्याच्या शाळेत शिक्षिका आहे. इतका वेळ सगळं ऐकत होती.

सोमवारी सकाळी विहिरीवर गाव जमलं. झुलालभाऊ चड्डीवर उभे राहिले. त्यांनी हात वर केले नाहीत की गिरकी घेतली नाही, पितांबर हवालदारांपुढे गेले आणि म्हणाले, "देखा." हवालदारांनी तोंड उघडायला लावलं, केसांतून बोटं फिरवली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. सूट उलटा करून उन्हात धरला. आत नुसतं गुळगुळीत काळं रबर. शिशाचा पट्टा भाईदासने स्वतः तपासला, एक एक तुकडा सरकवून. मग साबणाचं पाणी ओतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, झुलालभाऊ त्या सुटात शिरले. तो अंगावर असा बसला की बरगड्या मोजता याव्यात. तेव्हा मला कळलं, अंगणात ते एक वाक्य त्यांनी पुन्हा का म्हणायला लावलं होतं.

विक्रम कठड्यावर घड्याळ घेऊन बसला. पहिल्या बुडीत त्यांनी मोटार शोधली. दुसऱ्या बुडीला ते खूप वेळ खाली होते. वर आले, तोंडावरून पाणी निथळलं, आणि त्यांनी फक्त दोर मागितला.

"सापडलं?" भाईदासने वरून विचारलं.

"मी हात लावस नई. दोर बांधस. तुम्ही वढा."

आठ जणांनी मोटार ओढली. चिखलाने लडबडलेली ती कठड्यावर आली, आडवी झाली. पितांबरनी बादलीभर पाणी मारलं. मोटार आणि पाइप यांना जोडणाऱ्या, तळाशी आपटून दबलेल्या लोखंडी पट्टीखाली काहीतरी पिवळं दिसलं. गोफच होता. अर्धा पट्टीखाली चेपलेला, अर्धा तुटून लोंबणारा.

लोक कठड्याशी दाटले. मग गर्दीतून तोताराम नावाचा शेजारी म्हणाला, "आत्ताच अडकवला असेल."

पितांबर हवालदार खाली बसले आणि गोफ बोटांनी ओढू लागले. निघेना. टोकदार काडी घालून पाहिली, तरी निघेना. पाना मागवला. पट्टीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. भाईदासने हवालदारांच्या हातून पाना घेतला, त्यावर पाय देऊन जोर लावला. तिसऱ्यांदा बोल्ट फिरला आणि गोफ सुटून मातीत पडला. चेपलेल्या जागी त्याच्या कड्या सपाट झाल्या होत्या. पाण्याखाली, दम धरून, नुसत्या हातांनी हे करणं कुणालाच शक्य नव्हतं. तोताराम तिथून कधी निघून गेला ते दिसलं नाही.

भाईदास गोफ हातात घेऊन बसून राहिला. झुलालभाऊंकडे त्याने पाहिलं नाही.

उषा पुढे आली. तिने गोफाबद्दल काही विचारलं नाही. "झुलालभाऊ, तुम्हीच त्यांना शोधलं. खाली ते कसे होते?"

"निजेल मानुसनासारखा व्हता, बहीन," ते म्हणाले. "कठे झगडना नव्हता."

तिने डोळे मिटून घेतले. खाली काळोख होता आणि त्यांना काही दिसलं नव्हतं, हे ऐकलेली तिथे मी एकटीच होते. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा संशय गेला, असं मला म्हणायचंय. पण खरं म्हणजे तो गेला नाही, मला त्याची लाज वाटायला लागली.

भाईदासने माफी वगैरे मागितली नाही. मे महिन्यात मात्र तो सावखेडीला झुलालभाऊंच्या दारात आला, अंगणात बराच वेळ बसला, आणि म्हणाला की विहिरीत वरपासून पाण्यापर्यंत लोखंडी पायऱ्या बसवल्यात, एकदा बघून जा. झुलालभाऊ गेले. पाणी तेव्हा तळाला गेलं होतं. ते एक एक पायरी पाय आपटत उतरले, वर आले आणि म्हणाले, "खालून सातवी हालस. पक्की कर." भाईदासने त्याच संध्याकाळी गवंड्याला निरोप धाडला.